खालच्या अंगाचं देणं

शेतीच्या मराठीत तीन शब्द नेहमी एका दमात येतात : नत्र, स्फुरद, पालाश. आकाशवाणीवरचे शेतकऱ्यांसाठीचे कार्यक्रम कानावर पडत जो वाढला, त्याला ते पाठच असतात, मग घरी शेती असो वा नसो. त्यांतला मधला शब्द मला अनुवादक म्हणून फार आवडतो. 1669मध्ये हॅम्बुर्गच्या हेनिग ब्रांट नावाच्या किमयागाराने सोनं मिळेल या आशेने माणसाचं मूत्र आटवलं, आणि सोन्याऐवजी त्याच्या हाती अंधारात उजळणारा एक पदार्थ लागला. त्याला ग्रीकमधून नाव मिळालं ‘फॉस्फरस’, म्हणजे प्रकाश वाहून आणणारा. पहाटेच्या शुक्रालाही ग्रीक लोक याच नावाने ओळखत. मराठीने त्या शब्दाचा थोडा नाद राखला आणि ‘स्फुर्’ या धातूपासून ‘स्फुरद’ केला. स्फुरण आणि स्फूर्ती ही त्याची भावंडं. मध्य प्रदेशातल्या हिंदी शेतीपत्रकांतही ‘स्फुर’ भेटतो.

नाव सार्थ आहे. हाडांत, दातांत, पेशींच्या पडद्यांत, आनुवंशिकतेच्या साखळीत, सगळीकडे स्फुरद लागतो. तो प्रयोगशाळेत घडवता येत नाही आणि त्याला पर्यायही नाही. नत्र हवेत भरपूर आहे. स्फुरद खडकातून खणूनच काढावा लागतो. जगातल्या ज्ञात साठ्यांचा मोठा भाग मोरोक्को आणि पश्चिम सहारात आहे, आणि आपण आपल्या गरजेचा बहुतांश बाहेरून आणतो. इतकी दुर्मिळ, इतकी जीवनदायी वस्तू पाण्यात मिसळली की तिला आपण प्रदूषण म्हणतो. ‘प्रदूषण’ या शब्दात दोष आहे, आणि दोष म्हटला की दोषी आलाच. माझा प्रश्न इथूनच सुरू होतो.

तळ्यात किंवा धरणात शेवाळाची वाढ बहुधा स्फुरदाच्या तुटवड्यामुळे आटोक्यात असते. 1973 साली कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक तळं मधोमध पडदा लावून दुभागलं. एका भागात त्यांनी कार्बन आणि नत्र घातलं. दुसऱ्या भागात तेच घालून वर स्फुरद घातला. पहिला भाग निवळ राहिला, दुसरा हिरवागार झाला. आकाशातून घेतलेला त्या तळ्याचा फोटो डिटर्जंट कंपन्यांच्या सगळ्या युक्तिवादांना पुरून उरला. पाण्याच्या या अवस्थेला इंग्रजीत जो शब्द आहे, त्याचं ग्रीक मूळ ‘चांगलं पोसलेलं’ असं आहे. हिंदीत त्याला ‘सुपोषण’ म्हणतात. अंगणवाडीच्या भिंतीवर बाळसेदार मुलाच्या चित्राखाली असतो तोच शब्द. तळं बाळसं धरतं आणि त्यातच गुदमरतं. शेवाळ मरतं, कुजतं, कुजताना पाण्यातला प्राणवायू संपवतं. त्यातल्या काही निळ्या-हिरव्या जाती यकृताला घातक विष सोडतात, आणि पाणी उकळून ते विष जात नाही. ऑगस्ट 2014मध्ये अमेरिकेतल्या टोलेडो शहराच्या चार लाखांवर लोकांना नळाचं पाणी पिऊ नका असं सांगावं लागलं, ते ईरी सरोवरातल्या अशाच शेवाळामुळे.

प्रमाण किती लागतं? लिटरमागे 20 मायक्रोग्रॅम ही पिण्याच्या पाण्याच्या जलाशयासाठी न्यूयॉर्क राज्याने सांभाळलेली पातळी. त्या हिशेबाने एक ग्रॅम स्फुरद 50,000 लिटर पाण्याला, म्हणजे दहा हजारी पाच टँकरांना, त्या पातळीवर नेऊन ठेवतो. आणि एक माणूस रोज साधारण एक ते दीड ग्रॅम स्फुरद शरीराबाहेर टाकतो. यात हलगर्जीपणा नाही, चैन नाही. वरणभात खाल्ला, पचला, इतकंच.

आता हे पुण्यात राहून सांगते, कारण मी पुण्यात राहते आणि माझं माहेर सोलापूर आहे.

पुणं आपलं पाणी वरून घेतं. पानशेत, वरसगाव, टेमघर, खडकवासला ही धरणं शहराच्या वरच्या अंगाला आहेत. वापरलेलं पाणी शहर खाली सोडतं. पवना दापोडीला मुळेला मिळते, मुळा संगमावर मुठेला, आणि मुळा-मुठा पुढे भीमेत जाते. देहू-आळंदीवरून आलेली इंद्रायणी त्याआधीच तुळापूरला भीमेला भेटलेली असते. मग ही सगळी भीमा उजनीच्या धरणात येऊन थांबते. 1980मध्ये पूर्ण झालेल्या या धरणाची साठवण सुमारे 117 टीएमसी आहे, आणि त्यातली निम्म्याहून अधिक ‘मृतसाठा’ आहे, म्हणजे दारांच्या पातळीखालचं पाणी. दुष्काळात उजनी ‘मायनसमध्ये’ जाते तेव्हा हाच तळाचा साठा उपसला जातो. सोलापूर याच पाण्यावर जगतं. काही पाणी थेट जलवाहिनीने येतं, काही नदीत सोडून. पंढरपूरची चंद्रभागा म्हणजेही हीच भीमा. देहू-आळंदीच्या पालख्या जिथे जातात तिथेच इंद्रायणीचं पाणीही जातं, फक्त ते उजनीत मुक्काम करून जातं. आळंदीच्या घाटावर पाण्यावर तरंगणारा फेस वर्तमानपत्रांतून साऱ्यांनी पाहिला आहे. फेस विरतो. त्या पाण्यात विरघळलेला स्फुरद दिसत नाही आणि विरतही नाही.

माझी आई सोलापुरात तीन-चार दिवसांआड येणारं पाणी भरते. मे महिन्यात फोन केला की ती सांगते, “आलं बाई पाणी. हिरवट आहे. तुरटी फिरवलीय.” सांडपाण्यातून स्फुरद काढून घ्यायचा तर त्यात लोहक्षार किंवा तुरटीच घालतात; तुरटीतलं ॲल्युमिनियम स्फुरदाला बांधून तळाशी नेतं. नुसतं नेहमीचं शुद्धीकरण करून स्फुरदाचा थोडाच भाग जातो, त्यासाठी हा वेगळा खटाटोप करावा लागतो. म्हणजे वरच्या शहराने जे काम टनांच्या हिशेबात करायला हवं, ते माझी आई घागरीत हात घालून करते. विरघळलेल्या विषावर तिच्या तुरटीचा उपाय नाही. पाणी निवळतं, आणि निवळलेल्या पाण्यावर माणूस विश्वास ठेवतो.

यात दोषी कोण? रसायनाचे पिंप रात्री ओढ्यात ओतणारा कारखानदार असता तर गोष्ट सोपी होती. इथे मैला आहे, साबण आहे, दोन्ही काठांच्या उसाला घातलेलं डीएपी आणि सुपर फॉस्फेट आहे, पहिल्या पावसात वाहून गेलेली गोठ्यातली आणि शेतातली माती आहे. यांतली एकेक कृती निर्दोष आहे, काही तर पुण्याच्या कामात मोडतील अशा. बेरीज मात्र कुणाच्या तरी घशाखाली उतरते.

आपल्या नीतीच्या म्हणी इथे लटक्या पडतात. करावं तसं भरावं, पेरावं तसं उगवतं. या म्हणी करणारा आणि भरणारा एकच आहे असं धरून चालतात. कर्मसिद्धांताचा आधारही तोच : फळ उशिरा येईल, पुढच्या जन्मी येईल, पण येईल ते कर्त्याकडेच. नदीला हा हिशेब मान्य नाही. पुण्यात पेरलेलं सोलापुरात उगवतं. ‘दुसऱ्याने आपल्याशी जसं वागावं असं वाटतं तसं आपण वागावं’ हा जगभरच्या धर्मांनी सांगितलेला नियमही इथे लंगडतो, कारण दुसरा आपल्याशी तसं वागण्याची वेळच येत नाही. सोलापूर कितीही चांगलं किंवा वाईट वागलं तरी त्याचा थेंब पुण्याकडे चढणार नाही. ज्याचं जळतं त्याला कळतं, आणि ज्याच्यामुळे जळतं तो नेमका वरच्या अंगाला.

याला एक उलट उदाहरण आहे, आणि ते अनेकदा आदर्श म्हणून सांगितलं जातं. न्यूयॉर्क शहराला दूरच्या डोंगराळ पाणलोटातून पाणी येतं, आणि त्यातलं बहुतेक गाळणी प्रकल्पाशिवाय पुरवलं जातं. 1964पासून वापरात आलेलं कॅननस्व्हिल हे तिथलं एक धरण. ज्या गावाचं नाव ते मिरवतं ते गाव त्याच्या पाण्याखाली आहे. धरणाच्या वर दुभत्या गाईंचे गोठे, आणि त्यामुळे पाण्यात स्फुरद. गाळणी प्रकल्प बांधायचा तर अब्जावधी डॉलर लागणार होते, म्हणून शहराने 1997मध्ये वरच्या गावांशी करार केला. सांडपाण्याची केंद्रं शहराच्या पैशाने सुधारली. शेणाचा साठा कसा करावा, ते कुठल्या शेतात आणि कधी पसरावं, ओढ्याकाठी कुंपण कुठे घालावं, याचे आराखडे एकेका शेतकऱ्याबरोबर बसून केले. गाईंना गरजेपेक्षा जास्त स्फुरद खाऊ घालण्याची रीत होती, त्याने गाभण राहणं सुधारतं अशा समजुतीने. तो खुराकातूनच कमी केला, तसा शेणातूनही कमी झाला. पुढे पाण्यातलं प्रमाण उतरलं आणि त्या खोऱ्यावरचे खास निर्बंध उठले.

काम उत्तम झालं. पण ते का झालं याकडे पाहिलं की आदर्शाचा रंग बदलतो. तिथे शहर खाली आहे. श्रीमंत, बलवान, वकील बाळगून असलेलं शहर खालच्या अंगाला, आणि गुराखी वरच्या. पाणी ज्याच्या घशात जायचं तोच खर्च करू शकत होता, नियम करू शकत होता, आणि त्याआधी तर गावं बुडवूही शकला होता. भीमेच्या खोऱ्यात शहर वर आहे. स्वार्थाला नीतीचं काम करायला लावणारी ती युक्ती इथे चालत नाही. न्याय मिळणार की नाही हे डोंगर कुठल्या बाजूला आहे यावर ठरत असेल, तर त्याला न्याय म्हणता येणार नाही. तो भूगोलाचा योगायोग झाला.

मग पुण्याने सोलापूरसाठी खर्च का करावा, याचं उत्तर स्वार्थाबाहेर शोधावं लागतं. मला ते जुन्या ऋणकल्पनेत सापडतं. देवऋण, ऋषिऋण, पितृऋण ही तिन्ही ऋणं वरच्यांची आहेत, आपल्या आधी असलेल्यांची. पण पितृऋण फेडण्याची रीत पाहा. बापाचं ऋण बापाला परत करत नाहीत. ते अपत्याला वाढवून फेडायचं असतं. घेतलं वरून, द्यायचं खाली. परतफेडीची अपेक्षा नसलेल्या माणसाला, तरीही कर्तव्य म्हणून, मेहरबानी म्हणून नव्हे. या जुन्या चौकटीत पोटच्या पोरापलीकडचं कुणी बसत नाही, स्त्रियांनाही तीत फारशी जागा नव्हती, हे मला माहीत आहे. तरी देण्याची ही दिशा मला मोलाची वाटते. पानशेत-वरसगावच्या खोऱ्यांतली गावं उठली म्हणून पुण्याच्या नळाला स्वच्छ पाणी आहे. त्या गावांचं देणं पुण्याने त्यांना द्यायचं आहेच. पण स्वच्छ पाणी मिळाल्याचं जे ऋण आहे, ते फेडण्याची जागा उजनी आहे. वरून जसं मिळालं, निदान त्याच्या जवळपास जाईल असं खाली सोडणं.

यात एक कठीण अट आहे, आणि ती लपवून हा युक्तिवाद करू नये. उजनीच्या गाळात चार दशकांचा स्फुरद साठला आहे. तळाशी प्राणवायू संपला की लोहाशी बांधला गेलेला स्फुरद सुटतो आणि पुन्हा वर येतो. आज पुण्याने शेवटचा ग्रॅम अडवला तरी धरण आपल्या पोटातला साठा कित्येक वर्षं उकरत राहील. म्हणजे आज कर भरणाऱ्या पुणेकराला आपल्या पैशाने पाणी निवळलेलं बहुधा दिसणार नाही. त्याला ना फायदा, ना कृतज्ञता, ना दाखवायला फोटो. राजकारणाला अशा कामाचा कंटाळा असतो, आणि खरं तर आपल्यालाही.

म्हणून मागणी साध्या शब्दांत मांडते. सांडपाणी केंद्रांत स्फुरद काढण्याची सोय, त्यातून निघणारा गाळ तपासून पुन्हा शेतात नेण्याची व्यवस्था, माती तपासल्याशिवाय खत न टाकण्याची शिस्त, साबणात फॉस्फेट नको हा आग्रह. या खर्चाची ओळ पुण्याच्या अंदाजपत्रकात हवी, आणि तिच्यासमोर लाभार्थी म्हणून सोलापूरचं, पंढरपूरचं नाव हवं. एका शहराच्या करातून दुसऱ्या शहराचं पाणी राखायचं, तेही दहा-पंधरा वर्षांनी दिसेल म्हणून, हे आपल्याला चमत्कारिक वाटतं. मुलाच्या शिक्षणाला आपण इतकीच वर्षं पैसे घालतो आणि त्याचं कुणाला नवल वाटत नाही.