विश्वास मागू नका

‘पालकांचा विश्वास परत मिळवायला हवा.’ गेल्या वर्षभरात आमच्या प्रत्येक बैठकीत हे वाक्य कुणी ना कुणी बोलतं. सगळे मान डोलावतात, चहा येतो, आणि पुढचा विषय येतो निधीचा. मला हे वाक्य खटकतं. हेतूबद्दल शंका नाही, पण त्यात काहीतरी उलटं आहे.

आधी ‘आम्ही’ म्हणजे कोण ते सांगतो. रत्नागिरीतल्या एका छोट्या गिर्यारोहण गटात मी स्वयंसेवक आहे. आठवडाभर घरी बसून एका कंपनीसाठी कोड लिहितो. सुट्टीत मुलांना घेऊन खेड तालुक्यातल्या रसाळगड-सुमारगड-महिपतगडाच्या वाटेवर किंवा एखाद्या कड्यावर दोर लावायला जातो. मी येण्याआधी या गटात दोन गोष्टी घडल्या होत्या. शिबिरांच्या पैशांचा काही वर्षांचा हिशोब कुणालाच धड देता आला नाही. आणि एका मुलाला, तो नको म्हणत असताना, दरडावून कड्यावरून खाली उतरवलं गेलं. त्याला इजा झाली नाही. पण पालक विचारायला आले तेव्हा ‘साहसात असं चालायचंच’ एवढंच उत्तर मिळालं. हळूहळू मुलं यायची थांबली, मग देणगीदार थांबले. आता समिती नवी आहे, दोर नवे घ्यायचे आहेत आणि खात्यात फारसं काही नाही.

हा प्रश्न कितीही मोठ्या संस्थेला पडू शकतो. अमेरिकेतली ‘बॉय स्काउट्स’ ही संस्था १९१० सालची. स्काउटच्या नियमांतला पहिलाच नियम विश्वासार्हतेचा. या संस्थेने फेब्रुवारी २०२० मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. लहानपणी शिबिरांत, सहलींत लैंगिक अत्याचार झाल्याचे ८२ हजारांहून अधिक दावे पुढे आले. भरपाईसाठी सुमारे २.४६ अब्ज डॉलरची योजना ठरली. ती २०२३ मध्ये लागू झाली. २०२५ मध्ये संस्थेने नावही बदललं, ‘स्काउटिंग अमेरिका’ असं केलं.

यातला एक तपशील माझ्या डोक्यातून जात नाही. संशयित प्रौढांच्या फायली या संस्थेने अनेक दशकं जपून ठेवल्या होत्या. म्हणजे माहिती होती. अशी माणसं पुन्हा आत येऊ नयेत, यासाठीच ती यादी होती. पण ती कपाटात राहिली, पालकांपर्यंत गेली नाही. २०१२ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने त्यातली हजारो पानं उघड झाली. इतकी वर्षं त्या कपाटाने मुलांपेक्षा संस्थेची प्रतिमा सांभाळली. लोकांचा विश्वास टिकावा म्हणूनच लोकांपासून लपवलं गेलं.

ब्रिटिश तत्त्वज्ञ ओनोरा ओनील यांनी २००२ साली बीबीसीच्या रीथ व्याख्यानांत विश्वासाच्या प्रश्नाची चर्चा केली. पुढेही त्या एक मुद्दा सातत्याने मांडत आल्या आहेत. विश्वास ही समोरच्याने द्यायची गोष्ट आहे. आपल्या हातात असते ती विश्वासार्हता. ‘विश्वास वाढवा’ हे उद्दिष्टच चुकीचं, कारण फसवणारालाही नेमकं तेच हवं असतं. हे वाचल्यावर बैठकीतलं वाक्य मला का खटकतं ते कळलं. ‘विश्वास परत मिळवायचा’ म्हटलं की नजर पालकांच्या मनाकडे जाते. मग चांगले फोटो, एखादा सत्कार, एखादा ओळखीचा पाहुणा. आपल्या कपाटाकडे बघायचं राहूनच जातं.

मग काय करायचं? नव्या समितीने काही नियम केले. कुठलाही मोठा माणूस कुठल्याही मुलासोबत एकटा राहणार नाही. मुलाने ‘नको’ म्हटलं की उतरणं तिथेच थांबणार. शिबिराचा जमाखर्च आठ दिवसांत सगळ्या पालकांना मिळणार.

पहिल्या नियमावर आमचे सगळ्यात अनुभवी प्रशिक्षक दुखावले. आम्ही सगळे त्यांना दादा म्हणतो. हिशोबाच्या किंवा त्या मुलाच्या प्रकरणात त्यांचा काही संबंध नव्हता. ते म्हणाले, ‘वीस वर्षं पोरं नेतोय मी. आता माझ्यावर पाळत ठेवणार तुम्ही?’ खोलीत कुणी काही बोललं नाही. ते गेले असते तर कड्यावर दोर लावायला शिकवणारं दुसरं कुणी आमच्याकडे नव्हतं.

त्यांचं दुःख खोटं नव्हतं. ओनील यांनीही इशारा दिला आहे की नुसत्या तपासण्या आणि कागद वाढवले की चांगली माणसं थकतात. २०१८ साली साहसी उपक्रमांच्या सुरक्षिततेबाबत राज्याचा शासन निर्णय आला, तेव्हा अनेक गिर्यारोहण संस्थांनी त्याला विरोध केला होता. हौसेने, बिनपगारी काम करणाऱ्याला सहल कंपनीच्या रांगेत उभं केलं की त्याला ते लागतंच.

पण दादांनीच आम्हाला शिकवलेली एक गोष्ट आहे. चढाई सुरू करण्यापूर्वी चढणारा आणि बिले देणारा एकमेकांची गाठ, हार्नेसचं बक्कल, कॅराबिनरचं लॉक तपासतात. प्रत्येक वेळी. वीस वर्षं सोबत चढत असले तरी. तिथे कुणी ‘माझ्यावर विश्वास नाही का?’ असं विचारत नाही. माझ्या कामातही सगळ्यात सीनियर माणसाचा कोड दुसऱ्याने वाचल्याशिवाय पुढे जात नाही. यात अपमान नसतो. ही तपासणी ठरावीक माणसासाठी नसते, सगळ्यांसाठी असते, म्हणून ती सोसवते. आणि तपासून झाल्यावर माणूस निर्धास्तपणे दोरावर भार टाकतो. मी दादांना एवढंच म्हटलं, ‘दादा, गाठ तपासतो तसंच आहे हे.’ ते लगेच हो म्हणाले नाहीत. पण पुढच्या शिबिराला आले, आणि मुलांच्या तंबूकडे जाताना त्यांनी मला हाक मारली, ‘चल रे, दुसरा माणूस.’

खरी अडचण पुढे आहे, आणि ती पैशांची आहे. जास्त मोठी माणसं म्हणजे जास्त जेवणं, जास्त जागा, मोठी गाडी. मुलींसोबत बायका हव्यातच. आमच्या शिबिराची फी जवळपास दीडपट झाली. ज्या घरांना ती परवडते ती मुलं आली. मिरकरवाड्यातली, राजीवड्यातली काही मुलं, ज्यांची घरं मासेमारीच्या हंगामावर चालतात, ती गळली. म्हणजे विश्वास मोडला मोठ्यांनी आणि बिल गेलं त्या मुलांकडे, ज्यांचा त्यात काहीच दोष नव्हता. अमेरिकेतही हेच झालं. भरपाईसाठी ठिकठिकाणच्या शाखांनी शिबिरांच्या जागा विकल्या. नॉर्मन रॉकवेल या चित्रकाराने स्काउटांची चित्रं काढली होती, तीही लिलावात गेली. पीडितांना भरपाई मिळायलाच हवी होती. पण तळ्याकाठचं ते रान आजच्या मुलांच्या हातून गेलं.

सोपा उपाय म्हणजे एखादी मोठी कंपनी गाठणं. २०१३ च्या कंपनी कायद्यातल्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामांवर खर्च करावे लागतात. तो निधी मिळाला तर आम्ही नक्की घेऊ. पण त्यात एक धोका दिसतो. एका मोठ्या धनादेशाने वर्ष निघालं की पालकांना उत्तर देण्याची गरज उरत नाही. पन्नास घरांतून आलेले थोडे थोडे पैसे मात्र पन्नास प्रश्न घेऊन येतात.

कोकणाला हे नवं नाही. शिमगा संपला की कितीतरी गावांत देवळात गावकी बसते आणि जमाखर्च मोठ्याने वाचला जातो. वाचणारा आदरणीय असतो, तरी एखादा म्हातारा मध्येच विचारतो, ‘बॅटऱ्या इतक्या कशाला लागल्या?’ वाचणाऱ्याला राग आला तरी उत्तर द्यावं लागतं. पुढच्या वर्षीची वर्गणी त्या उत्तरावर अवलंबून असते. आपल्याकडे नोंदणीकृत संस्था चालवणाऱ्यांना कायदा ‘विश्वस्त’ म्हणतो. म्हणजे दुसऱ्याची वस्तू सांभाळणारे.

म्हणून यंदा आम्ही ठरवलं आहे की सुरक्षेचा वाढीव खर्च मुलांच्या फीमध्ये धरायचा नाही. तो आम्ही मोठ्यांनी, म्हणजे समितीने आणि जुन्या सदस्यांनी, वर्गणी काढून भरायचा. माझा पगार चांगला आहे, मला ते जड नाही. काहींना आहे, आणि त्यांनी तसं सांगितलंही. एकजण म्हणाला, ‘जे आपण केलंच नाही, त्याचे पैसे आपण का भरायचे?’ प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर इतकंच की संस्थेचं नाव, जुने दोर, गडांवरच्या वाटांची माहिती हा वारसा आपण बिनतक्रार घेतला. कर्जही त्याच वारशात आलं आहे. आपण भरलं नाही, तर ते बारा वर्षांच्या मुलाकडे जाईल.

यातून पालक परत येतीलच असं नाही. ज्या मुलाला दरडावून उतरवलं, त्याच्या आईला समितीतले दोघे भेटून आले. तिने ऐकून घेतलं आणि मुलाला पाठवणार नाही म्हणाली. तो तिचा हक्क आहे. आम्ही तिच्याकडे विश्वास मागितला नाही. नियमांचा कागद दिला, जमाखर्च दिला, आणि शिबिराला कधीही न सांगता येऊन बघा म्हटलं.