रिकामे जाळे, भरलेले जाळे



मृग लागला तरी पावसाचा भरवसा नसतो. एक सर येते, मग आठ-आठ दिवस ऊन पडते. वेणा नदीवर जाळे टाकणाऱ्या ढीवर बांधवांचे हे कसोटीचे दिवस. पाणी आटलेले, जाळे रिकामे. मग पूर येतो आणि अंड्यांनी भरलेली मासळी प्रवाहाविरुद्ध वर चढते. रोहू, कटला अशाच वाहत्या पाण्यात अंडी घालतात. तेव्हा मासळी सहज हाती लागते. पण सारीच धरली तर पुढच्या वर्षीचा वाटा आजच संपतो.

शिमोन पेत्रानेही रात्रभर रिकामे जाळे ओढले होते (लूक 5:1-11). प्रभूच्या शब्दावर त्याने ते पुन्हा टाकले. जाळे फाटू लागले तेव्हा दुसऱ्या होडीतील सोबत्यांना खुणावून बोलावले.

बुटीबोरीच्या कारखान्यांत आपल्यापैकी कित्येकांना एक महिना काम मिळते, दुसरा रिकामा जातो. जाळे रिकामे असेल तेव्हा आपण प्रभूच्या शब्दाला धरून राहू या. भरेल तेव्हा शेजाऱ्याचा आणि उद्याचा वाटा आठवू या.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो. आमेन.