चौघांनी उचलिलेली खाट

कफर्णहूम येथील पक्षघाती आपल्या पायांनी प्रभूकडे आला नाही. चौघांनी त्याची खाट उचलिली, आणि दाराशी दाटी पाहून छपरास वाट पाडिली. आपल्या मंडळीत कोणाच्या घरी कर्करोग आला म्हणजे आपण काय करितो? लाजेने दार लावून घेतो, सावकाराकडे जातो, व शेत गहाण पडल्यावर पाळकांस कळवितो. अशी घरे आम्ही पाहिली आहेत. बंधूंनो, संकटात साह्य मागणे हे पाप नव्हे.

तर मंडळीतून चौघे निवडा. एकाने शिधापत्रिका, आधारपत्र व डॉक्टरांचे कागद घेऊन, पैसे भरण्यापूर्वीच, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्रास भेटावे. दुसऱ्याने धर्मादाय रुग्णालयात चौकशी करावी. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली ठरविलेल्या योजनेप्रमाणे तेथे शेकडा १० खाटा निर्धनांस विनामूल्य व शेकडा १० दुर्बल घटकांस सवलतीने मिळावयाच्या असतात. तिसऱ्याने रोग्यासोबत जावे. मुंबईस परळ येथे १९४१ साली उघडलेल्या टाटा मेमोरियल रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवकांचा विभाग आहे. तेथे घरची स्थिती न लपविता सांगावी. चौथ्याने मागे राहून मुले, गुरे व पेरणी सांभाळावी.

प्रार्थना सर्वांनीच करावी. परंतु खाटेस हात न लाविता केलेली प्रार्थना अपुरी होय. प्रभूने विश्वास पाहिला तो त्या वाहणाऱ्यांचाही. येत्या रविवारी उपासना सुटल्यावर एकमेकांस विचारा : आपल्यात कोणाची खाट उचलावयाची राहिली आहे?