ऐकणाऱ्याचे गुण

लाखांदूर तालुक्यातल्या दिघोरीत एका शाळेत इंग्रजी वक्तृत्व स्पर्धा होती. विषय ‘माझं गाव’. आशयाला २० गुण, उच्चाराला १०. परीक्षक बाहेरगावचे.

आधी शहरात शिकून आलेला एक मुलगा बोलला. इंग्रजी सफाईदार, कुठं अडखळणं नाही. टाळ्यांचा कडकडाट झाला.

मग आठवीतली एक मुलगी उभी राहिली. तिनं मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, निवडला होता. १९५१ साली मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले आणि पाळी-पाट सांभाळण्याची गावाची जुनी रीत विस्कटली, असं ती म्हणाली. तलावात बेशरम नावाची झुडपं माजली की मासळी घटते. ती उपटून देशी पाणवनस्पती लावल्या की मासळी परत येते, हेही तिनं सांगितलं. पण ‘फिश’ म्हणताना तिच्या तोंडून ‘फिस’ येई. पहिल्या ‘फिस’ला मागची मुलं हसली. परीक्षकांनी कागदावर काहीतरी टिपलं आणि पेनाला टोपण लावलं. भाषण अजून अर्धं बाकी होतं.

गुणपत्रिका कार्यालयात आली. मुलाला आशयाचे १७, उच्चाराचे ९. मुलीला आशयाचे ८, उच्चाराचे ३.

शाळेतले जुने गुरुजी म्हणाले, “साहेब, उच्चाराचे ३ समजले. पण आशयाचे ८ का?”

“काय बोलली ते कळलंच नाही हो.”

“जेवढं कळलं तेवढं सांगता का?”

परीक्षक सांगू लागले. मालगुजारी, १९५१, विस्कटलेली रीत, बेशरम, पाणवनस्पती, परत आलेली मासळी. एकही मुद्दा सुटला नाही.

“आणि तो मुलगा काय बोलला?”

“गाव सुंदर आहे... माणसं प्रेमळ आहेत...” पुढं त्यांना काही आठवेना.

गुरुजी म्हणाले, “तिचं सगळं बोलणं तुम्हाला समजलं होतं, साहेब. खटकला तो फक्त ‘स’. कॅनडात मन्रो आणि डर्विंग या संशोधकांनी १९९५ साली हेच दाखवून दिलं. ऐकणाऱ्यांनी जी वाक्यं शब्दन् शब्द बरोबर उतरवून घेतली, त्यांतल्याही कित्येक वाक्यांच्या उच्चाराला त्यांनी ‘फार परका’ ठरवलं. शिकागो विद्यापीठातल्या २०१० सालच्या अभ्यासात तर परक्या धाटणीत सांगितलेली माहिती लोकांना कमी खरी वाटली. माहिती तीच, पण उच्चार बदलला की विश्वास घटतो.”

“पण इंग्रजी शुद्ध नको का?”

“हवीच. ‘श’चा सराव मी तिच्याकडून करून घेईन. पण हा ‘स’ आळसातून आलेला नाही. आमच्या झाडीबोलीत ‘श’चा ‘स’ होतो, ‘ण’चा ‘न’ होतो. आजीच्या मांडीवर कानी पडलेली बोली जिभेवर राहणारच. आपलंही तेच आहे. ‘टँक’मधला ‘ट’ आपण जीभ टाळूकडे वळवून म्हणतो. लंडनचा माणूस ती दातांमागच्या हिरडीला लावतो. त्या ‘ट’वरून आपलं ज्ञान कुणी आठावर आणलं तर चालेल का?”

परीक्षक क्षणभर गप्प राहिले. मग त्यांनी गुणपत्रिका ओढून घेतली. उच्चाराचे ३ तसेच ठेवले, आशयाचे ८ खोडून १९ केले. मुलाच्या आशयाचे १७ होते, तिथं १० लिहिले. एकूण बेरजेत मुलगी पहिली आली. निकाल सांगताना ते मुलांना म्हणाले, “मी आधी उच्चार ऐकला आणि आशयाचे गुण त्यावरच देऊन टाकले. ती माझी चूक होती.”

बोध : उच्चार सुधारता येतो, तो सुधारावाही. पण उच्चाराच्या तराजूत माणसाची अक्कल तोलू नये. मुलाखतीत, वर्गात, फोनवर कुणाची इंग्रजी कानाला खटकली, तर मत बनवण्याआधी तो काय म्हणाला ते मनाशी एकदा सांगून पाहा. सांगता आलं, तर बोलणाऱ्यानं आपलं काम चोख केलेलं असतं. मग सुधारणा आपल्या कानांत व्हायला हवी.