चढाची गोडी

कष्ट सोसणे आणि कष्टात रमणे या दोन गोष्टींत मोठे अंतर आहे. सोसण्याचे धडे आपल्याला लहानपणापासून मिळतात. कष्टात रमावे कसे, हे मात्र क्वचितच कोणी शिकवते. असे रमणे शक्य आहे काय, आणि शक्य असले तरी ते योग्य आहे काय, असे कोणी विचारले तर आपण क्षणभर निरुत्तर होतो. या प्रश्नाचा विचार करण्यासाठी सायकलवरून चढायचा लांबलचक घाट हे एक साधे पण बोलके उदाहरण आहे.

टेंभुर्णीकराने घाटाविषयी लिहावे, याचे वाचकांना नवल वाटेल. आमचा मुलूख सपाट. पुणे-सोलापूर महामार्ग येथून सरळ जातो, पंढरपूरचा रस्ता येथेच फुटतो आणि जवळच १९८० साली पूर्ण झालेल्या उजनी धरणाचा जलाशय पसरलेला आहे. परंतु आषाढात येथून इंदापूरच्या दिशेने ज्याने सायकल हाकली आहे, त्याला चढ म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. त्या दिवसांत पश्चिमेचा वारा समोरून असा रेटतो की सपाट रस्त्यावरही पायडल जड होते. घाटाला निदान माथा असतो आणि माथ्यापलीकडे उतार असतो. वाऱ्याला माथा नाही. म्हणून सपाटीवरचा सायकलस्वार एक गोष्ट लवकर शिकतो: ‘हे केव्हा संपेल?’ हा प्रश्न बाजूला ठेवल्यावाचून निभाव लागत नाही.

घाटातही हेच शिक्षण पुढे चालते. स्वार आणि सायकल मिळून ८० किलो वजन ३०० मीटर उंच न्यायचे असेल, तर त्यासाठी शरीराला सुमारे २५० कॅलरी खर्चाव्या लागतात. म्हणजे जेमतेम दोन भाकरींचे बळ. घाईने चढा वा सावकाश, उंचीचे हे देणे फारसे बदलत नाही. बदलते ती फेडण्याची रीत. एकदम फेडू पाहणारा पहिल्याच वळणावर धापा टाकू लागतो. जाणता स्वार हलका गिअर घेतो, बसूनच पायडल मारतो आणि शेजारच्याशी दोन शब्द बोलता येतील एवढाच दम खर्च करतो. त्याची नजर माथ्यावर नसते. चार हात पुढच्या रस्त्यावर असते. हळूहळू श्वास आणि पाय यांचा ताल जमतो. मग वेगात कधी न दिसलेल्या गोष्टी दिसू लागतात: कातळातून पाझरणारे पाणी, कठड्यावर बसलेली माकडे, खाली राहिलेल्या गावाची कौले. चढ तेवढाच असतो, परंतु स्वाराने त्याच्याशी भांडणे थांबवलेले असते.

येथे नीतिशास्त्रातील एक जुना विचार आठवतो. ॲरिस्टॉटलच्या मते, माणसाला सद्गुण कितपत अंगवळणी पडला आहे, हे ते कृत्य करताना त्याला होणाऱ्या आनंदावरून ओळखावे. दात-ओठ खाऊन संयम पाळणारा अजून शिकाऊ आहे. संयम ज्याला प्रिय झाला, तो खरा संयमी. संत थॉमस अक्वायनस यांनीही हा विचार स्वीकारला. याचा अर्थ असा की आनंद हा माथ्यावर ठेवलेले बक्षीस नव्हे. तो सवयीतून उगवतो, आणि म्हणूनच शिकता येतो.

इटालियन कवी पेट्रार्क याने आपण २६ एप्रिल १३३६ रोजी दक्षिण फ्रान्समधील मों व्हांतू हा डोंगर चढल्याचे एका पत्रात लिहिले आहे. आज याच डोंगरावर जगातील नामांकित सायकलपटूंची कसोटी लागते. पेट्रार्कसोबत त्याचा धाकटा भाऊ घेरार्दो होता. घेरार्दोने उभ्या चढाची वाट धरली. पेट्रार्क मात्र सोपी वाट शोधत पुनःपुन्हा खाली उतरत राहिला आणि शेवटी भावापेक्षा अधिक दमला. आपल्या आयुष्याचेही असेच झाले आहे, असे त्याला वाटेत जाणवले. घेरार्दो पुढे कार्थुझियन मठात संन्यासी झाला. चढ टाळण्याचे श्रम चढाहून अधिक असू शकतात, हा या कथेचा बोध आपल्याला घरच्या अनुभवातूनही पटतो.

तथापि येथे एक गंभीर आक्षेप उभा राहतो, आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. हौसेने घाट चढणारा जेव्हा हवे तेव्हा थांबू शकतो. गळिताच्या हंगामात आमच्याकडे ऊसतोडीसाठी मराठवाड्यातून येणारी कुटुंबे तसे थांबू शकत नाहीत. ऊस भरलेली बैलगाडी एखाद्या छोट्याशा पुलाच्या चढावर अडते, तेव्हा चाकाला खांदा लावणाऱ्या बाईला ‘चढाची गोडी’ सांगणे ही क्रूर थट्टा ठरेल. निवडलेला कष्ट आणि लादलेला कष्ट यांना एकाच मापाने मोजता येत नाही. कष्टाचा गौरव करणारे पुष्कळसे उपदेश, ज्यांच्या खांद्यावर ओझे नाही अशांनीच केलेले असतात, हेही विसरू नये.

पुण्याहून सासवडकडे जाताना ज्ञानेश्वर माउलींची पालखी दिवे घाट चढते. वारकरी टाळ-मृदंगाच्या गजरात गात चढतात. तो चढ त्यांनी स्वतः पत्करलेला आहे. परंतु रथ ओढणाऱ्या बैलांना कोणी गाण्याचा उपदेश करीत नाही. त्यांच्यापुढे जादा बैलजोड्या जुंपल्या जातात. मला वाटते, आपल्या प्रश्नाचे उत्तर या दोन दृश्यांत मिळून आहे. स्वतःच्या चढाला गाणे असावे आणि दुसऱ्याच्या चढाला जोडी.

ही दोन्ही अंगे एकाच सायकलस्वाराच्या जीवनात एकत्र आलेली दिसतात. इटलीत कोमो सरोवराच्या वर घिसाल्लो नावाची खिंड आहे. तिच्या माथ्यावर पवित्र मरियेचे छोटे मंदिर आहे. १९४९ साली परमगुरू पायस बारावे यांनी या घिसाल्लोच्या मातेला सायकलस्वारांची आश्रयदाती म्हणून घोषित केले. थोर विजेत्यांच्या सायकली आज तेथे ठेवलेल्या आहेत. जिनो बार्ताली हा याच परंपरेतला श्रद्धाळू कॅथलिक खेळाडू. डोंगरी चढांवर त्याचा हात धरणारे थोडेच होते. टूर द फ्रान्स ही शर्यत त्याने १९३८ साली जिंकली आणि महायुद्धानंतर, १९४८ साली, पुन्हा जिंकली. मधल्या काळात, १९४३-४४ साली, छळ होत असलेल्या ज्यूंसाठी तयार केलेली बनावट ओळखपत्रे सायकलच्या नळीत दडवून तो सरावाच्या निमित्ताने फ्लॉरेन्स आणि असिसीच्या दरम्यान ने-आण करीत असे. पकडला गेला असता तर जिवावर बेतले असते. पुढे आयुष्यभर त्याने या कामाची वाच्यता जवळजवळ केलीच नाही. २००० साली तो वारला. २०१३ साली जेरुसलेमच्या याद वाशेम संस्थेने त्याचा मरणोत्तर गौरव केला.

बार्तालीने चढ आवडीने आत्मसात केले होते, आणि त्या आवडीतून कमावलेले बळ वेळ आली तेव्हा दुसऱ्यांच्या उपयोगी पडले. चढाची गोडी योग्य की अयोग्य, हे ठरवण्याची कसोटी बहुधा हीच असावी. जी गोडी माणसाला केवळ स्वतःच्या पराक्रमावर खूश ठेवते, ती छंदापलीकडे जात नाही. जी त्याला दुसऱ्याच्या गाडीपाशी थांबण्याचे बळ देते, तिला आपण सद्गुण म्हणू शकतो.

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी आज ना उद्या असा एखादा चढ येतोच. वडील अंथरुणाला खिळतात, कर्जाचे हप्ते वर्षानुवर्षे चालतात, मतिमंद मुलाला अक्षरओळख करून देताना तोच धडा शंभर वेळा घ्यावा लागतो. तेथे हलका गिअर घ्यावा, पुढच्या चार हातांवर नजर ठेवावी, दम राखावा. आणि शेजारच्या घरात तसाच चढ चालू असेल, तर तेथे धीराचे चार शब्द सांगून परतू नये. एक रात्र त्यांच्या आजाऱ्याच्या उशाशी बसावे, म्हणजे त्या घरातल्यांना झोप मिळेल.