मंद कोण?

एखाद्या माणसावर अगर वस्तूवर ‘मंद’ असा शिक्का मारावयास एक क्षण पुरतो. तो पुसावयास मात्र कधी कधी सारे आयुष्य अपुरे पडते. नित्याच्या बोलण्यात हा शब्द इतक्या सहजपणे येतो की, तो उच्चारताना आपण एक न्यायनिवाडा करीत आहोत याचे भानही आपणांस राहत नाही. मंद म्हणजे तरी नेमके काय? जो काम हळू करतो तो मंद, की ज्याच्यापर्यंत काम उशिरा पोचते तोही मंदच? हा प्रश्न मला घरातील एका जुन्या संगणकामुळे सुचला. विषय क्षुल्लक खरा. परंतु नैतिक प्रश्न पुष्कळदा अशा क्षुल्लक वस्तूंच्या आडूनच आपणांकडे पाहत असतात.

हा संगणक आमच्याबरोबर दोन बदल्या पाहून जयपुरास आला. अलीकडे त्याची कळ दाबावी आणि चहाचे आधण ठेवावे. चहा पिऊन कप विसळले तरी पडद्यावरील चक्र फिरतच असे. ‘हा आता म्हातारा झाला, नवा आणावा,’ याविषयी घरात दुमत नव्हते. एम. आय. रोडच्या बाजूस एका दुकानदाराने मात्र तो उघडून पाहिला व सांगितले की, यंत्रात दोष काही नाही. केवळ जुनी हार्ड डिस्क काढून तिच्या जागी सॉलिड स्टेट ड्राइव्ह, म्हणजे एसएसडी, बसवावी. नव्या संगणकाच्या मानाने खर्च अल्प होता. जुन्या डिस्कवरील सारा मजकूर जसाच्या तसा नव्या पेटीत उतरला, आणि ज्या यंत्रास आम्ही निकालात काढले होते ते अर्ध्या मिनिटात कामास उभे राहू लागले. प्रोसेसर तोच, पडदा तोच, कळफलक तोच. मग इतके दिवस मंद होते ते कोण?

याचे उत्तर यंत्राच्या रचनेत आहे. हार्ड डिस्क म्हणजे चुंबकीय लेप दिलेली, फिरती चकती. १९५६ साली आयबीएम कंपनीने अशी पहिली डिस्क बाजारात आणली तेव्हा तीत दोन-दोन फूट व्यासाच्या पन्नास चकत्या होत्या आणि त्या साऱ्यांवर मिळून सुमारे पन्नास लाख अक्षरे मावत. आकार पुढे तळहाताएवढा झाला, परंतु तत्त्व बदलले नाही. घरगुती यंत्रातील चकती मिनिटास ५४०० किंवा ७२०० वेळा फिरते. हवी ती नोंद वाचण्यासाठी वाचणारे टोक योग्य वर्तुळावर सरकावे लागते आणि चकतीचा योग्य भाग फिरून त्याच्याखाली यावा लागतो. या खटाटोपात दहा-पंधरा सहस्रांश सेकंद जातात. आपणांस हा काळ जाणवणारही नाही. परंतु सेकंदास तीनशे कोटी ठोके देणाऱ्या प्रोसेसरच्या हिशेबी दहा सहस्रांश सेकंद म्हणजे तीन कोटी ठोक्यांचा काळ. आणि या काळात पुष्कळदा तो बिचारा हात बांधून बसलेला असतो. एसएसडीमध्ये फिरणारे वा सरकणारे काहीच नसते. अतिसूक्ष्म कोशांत विद्युत्भार साठवून तीत मजकूर राखला जातो, आणि नोंद हाती यावयास सहस्रांश सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास वेळ पुरतो. म्हणजे आमचा संगणक मंद नव्हता. तो वाट पाहत होता. बाहेरून पाहणाऱ्यास या दोन्ही अवस्था सारख्याच दिसतात, आणि अन्यायाचा उगम नेमका येथेच होतो.

हलणारा भाग झिजतो, म्हणून न हलणारे साधन करावे, हा विचार जयपूरला नवा नाही. १७२७ मध्ये हे नगर वसविणाऱ्या सवाई जयसिंहाने आरंभी पितळी वेधयंत्रे करवून घेतली होती. आकाशातील ग्रह आणि पंचांगातील ग्रह यांचा मेळ बसेना, तेव्हा दोष ज्योतिष्यांच्या माथी मारणे सर्वांत सोपे होते. आपल्या ‘झीज-इ-मुहम्मदशाही’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेत तो वेगळे कारण नमूद करतो: पितळी यंत्रे लहान, त्यांचे अक्ष झिजतात, मध्य ढळतो. म्हणून त्याने चुन्या-दगडांची अचल यंत्रे उभारली. जंतरमंतरातील सत्तावीस मीटर उंचीचे सम्राट यंत्र अक्षावर फिरत नाही. फिरते ती सूर्याची सावली, आणि दोन सेकंदांपर्यंतच्या खुणा तेथे कोरलेल्या आहेत. याच राजाच्या पदरी असलेल्या व महाराष्ट्रीय म्हणून सांगितल्या जाणाऱ्या जगन्नाथ सम्राट या पंडिताने युक्लिडची भूमिती ‘रेखागणित’ या नावाने संस्कृतात आणली. परमुलखात नोकरी करणाऱ्या आपणां मराठी माणसांचा तो एक मोठा पूर्वजच म्हणावयाचा! जयसिंहाची यंत्रेही निर्दोष नव्हती. सूर्य हा बिंदू नसून बिंब असल्यामुळे सावलीची कड पुसट पडते, आणि दोन सेकंदांची खूण कोरली तरी ती वाचणे कठीण होते. परंतु राजाची एक वृत्ती मला अनुकरणीय वाटते: माणसास दोष देण्यापूर्वी त्याने अक्ष तपासला.

येथे एक सावधगिरी हवी. सगळी दिरंगाई एकाच ठिकाणी नसते. जीन अॅम्डाल या संगणकतज्ज्ञाने १९६७ मध्ये मांडलेल्या विचाराचा सारांश असा की, एकूण वेळेत एखाद्या भागाचा जेवढा वाटा, तेवढ्यापुरताच त्या भागाच्या सुधारणेचा लाभ. यंत्राचा वेळ प्रत्यक्ष आकडेमोडीत जात असेल तर एसएसडी बसवून काही साधणार नाही. तेव्हा निदानाला पर्याय नाही. सरसकट दया दाखविणे हा जसा न्याय नव्हे, तसाच सरसकट त्यागही नव्हे.

आपणां सरकारी नोकरांस ही गोष्ट नियमाच्या भाषेत तरी ठाऊक आहेच. सामान्य वित्तीय नियम, २०१७ यांतील २१७ वा नियम सांगतो की, एखादी वस्तू अतिरिक्त, कालबाह्य वा निरुपयोगी ठरविताना सक्षम अधिकाऱ्याने तशी कारणे नोंदवावीत. एका खुर्चीची विल्हेवाट लावावयाची तरी कारण लिहावे लागते! कार्यालयातील एखाद्या सहकाऱ्यास ‘संथ’ म्हणून बाजूस सारताना मात्र आपण कारण लिहीत नाही, मनाशी उच्चारतही नाही. त्याच्या मेजावरील नस्ती तीन आठवडे पडून आहे हे दिसते. दुसऱ्या शाखेकडून यावयाचा अभिप्राय तीन आठवडे आलेला नाही, हे पाहावयास जागेवरून उठावे लागते.

याहून जिव्हाळ्याचे उदाहरण आपल्या घरात सापडेल. पुण्याहून किंवा नागपुराहून बदली होऊन आलेल्या कुटुंबातील आठ-नऊ वर्षांचे मूल येथील शाळेत बसते. गुरुजी हिंदीत प्रश्न विचारतात. मूल तो मनात मराठीत उतरविते, उत्तर मराठीत शोधते, आणि ते पुन्हा हिंदीत नेते. एवढ्यात शेजारच्या मुलाचा हात वर गेलेला असतो. चार महिन्यांनी प्रगतिपुस्तकात ‘आकलन मंद’ असा शेरा येतो. आकलन मंद नसते, त्याला दोन भाषांचा घाट चढून यावे लागते. या शेऱ्यावर वडिलांनी विश्वास ठेवला तर मूलही ठेवते, आणि मग ते खरोखरच हात वर करीनासे होते. संगणकास अपमान कळत नाही, मुलास कळतो. म्हणूनच यंत्राच्या बाबतीत जी केवळ काटकसर, ती माणसाच्या बाबतीत नीती ठरते.

कोणी म्हणेल की, जुन्यास चिकटून राहण्याचे हे एक सोयीस्कर तत्त्वज्ञान आहे. आक्षेप अगदीच पोकळ नाही. विंडोज १० या प्रणालीस नित्य मिळणारी सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली, आणि विंडोज ११ कित्येक जुन्या प्रोसेसरांना स्वीकारीत नाही. अशा यंत्राची प्रणाली बदलावी लागेल, किंवा निरोपही द्यावा लागेल. परंतु तेव्हा कारण ‘असुरक्षित’ असे लिहावे, ‘मंद’ असे नव्हे. कारण खरे असले म्हणजे उपायही खरा सुचतो. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन इलेक्ट्रॉनिक कचरा निघाला, आणि त्यातील चतुर्थांशाहून कमी कचऱ्याचा रीतसर पुनर्वापर झाल्याची नोंद आहे. त्या ढिगात निदान न होताच टाकलेली यंत्रे थोडी नसावीत.

राहता राहिली ती काढलेली हार्ड डिस्क. खरी मंद तीच, तेव्हा तिला तरी फेकावे का? फेकावयाचीच असेल तर नुसता मजकूर पुसून भागत नाही. पुसले म्हणजे बहुधा सूचीतील नोंद जाते, मजकूर मागे राहतो, जसे नोंदवहीतील नाव खोडले तरी अभिलेखकक्षात गठ्ठा असतोच. परंतु ती सुस्थितीत असेल तर फेकण्याचे कारणही नाही. एसएसडी पूर्वसूचना न देता अचानक बंद पडू शकते, आणि दीर्घकाळ विजेवाचून ठेविली तर कोशांतील भार हळूहळू ओसरतो. जुनी डिस्क एका साध्या वेष्टनात घालून घरातील कागदपत्रांची व छायाचित्रांची दुसरी प्रत तिच्यावर ठेवावी. धावण्याच्या कामी जी मंद, ती जपण्याच्या कामी उपयोगी पडते. दोष तिच्या स्वभावात होता त्याहून अधिक तिला दिलेल्या कामात होता.

वस्तू असो वा माणूस, त्यास ‘मंद’ म्हणण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. त्याचा वेळ नेमका कोठे जातो? तो काम करीत आहे की कशाची वाट पाहत आहे? आणि त्यास दिलेले काम त्याच्या प्रकृतीस साजेसे आहे काय? माणसाच्या बाबतीत आणखी एक ध्यानात ठेवावे: त्याचा विलंब हा कधी कधी विचारही असतो, आणि त्यावर कोणताही सुटा भाग बदलून उपाय करावयाचा नसतो. या प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत शेऱ्याची जागा कोरी सोडणे, एवढा न्याय तरी आपल्या हाती निश्चित आहे.