कमी माझ्या कानात?



आकाशवाणीची पहिली सभा सुरू होण्याआधी तानपुऱ्याच्या साथीवर व्हायोलिनची धून वाजते. ती ऐकत आपल्याकडे कित्येक पिढ्यांनी चहाचं आधण ठेवलं. ही धून बांधली वॉल्टर कौफमान यांनी. प्राग-बर्लिनला संगीत शिकलेला हा ज्यू तरुण १९३४ साली मुंबईत आला. का आलात, असं विचारल्यावर त्यांचं उत्तर साधं होतं : इथला व्हिसा सहज मिळाला. पुढे त्यांनी इथल्या रेडिओ केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचा विभाग सांभाळला.

त्याच प्रागमध्ये अलिस हेर्त्झ-सोमर नावाच्या पियानोवादक राहत होत्या. बहिणी देश सोडून गेल्या, या आजारी आईपायी मागे राहिल्या. मग प्राग नाझींच्या ताब्यात गेलं. १९३९च्या सप्टेंबरात ज्यूंच्या घरातले रेडिओ काढून घेतले, पुढे त्यांना बागाही बंद झाल्या. १९४२ साली आईला नेलं, ती परतलीच नाही. पुढच्या वर्षी अलिसबाई, नवरा आणि सहा वर्षांचा मुलगा यांना तेरेझिनच्या घेट्टोत, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवलेल्या तटबंदीच्या गावात धाडलं.

तिथे त्यांनी शंभरावर मैफली केल्या. समोर म्हातारी, आजारी, उपाशी माणसं. ते संगीतच आमचं अन्न होतं, असं त्या पुढे सांगत. त्यांचा मुलगा मुलांच्या ‘ब्रुंदिबार’ या संगीतिकेत चिमणी व्हायचा. त्या संगीतिकेत गाणाऱ्या बहुतेक मुलांना पुढे आउश्विट्झला नेऊन मारलं. नवराही गेला. मायलेक तेवढे वाचले. अलिसबाई २०१४ साली, एकशे दहाव्या वर्षी, लंडनमध्ये वारल्या.

एकाला व्हिसा मिळाला, दुसरीच्या पायात आईचं आजारपण होतं. यात कुणाची लायकी कमी-जास्त नव्हती.

कौफमान यांनी आपलं भारतीय संगीत पहिल्यांदा ऐकलं, तेव्हा त्यांना ते मुळीच कळलं नाही. पण त्यांनी विचार केला : लाखो माणसं ज्यावर जीव टाकतात, त्यात काहीतरी असणारच, कमी माझ्यात असेल. मग ते शिकायला बसले आणि पुढे रागसंगीतावर ग्रंथ लिहिले.

याच मुंबईतल्या आमच्या माहीमला शीतलादेवीचं देऊळ, बुधवारच्या नोव्हेना प्रार्थनेला गर्दी खेचणारं सेंट मायकेल चर्च आणि मखदूमबाबांचा दर्गा चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. याचा आम्हाला अभिमान आहे. तरी भाड्याची खोली बघायला गेलं, की एजंट आधी आडनाव विचारतो, मग ‘खाणंपिणं काय?’ आणि आपण निमूट उत्तर देतो. प्रागच्या ज्यूंसाठीही तटबंदी शेवटी आली. घरात रेडिओ कोण ठेवणार, बागेत कोण बसणार, हे त्याआधीच ठरवून झालं होतं.

तेव्हा आज शेजारच्या घरातलं गाणं, बोलणं किंवा फोडणीचा वास परका वाटला, तर नाक मुरडण्याआधी कौफमान यांच्यासारखं स्वतःलाच विचारून बघू : कमी त्यांच्यात आहे, की माझ्या कानात?